अंगठ्याची साक्ष

भूल दिलेल्या माणसाच्या मनगटावर, करंगळीच्या बाजूने, दोन छोटे चिकट इलेक्ट्रोड लावायचे. तिथून अल्नर नर्व्ह नावाची नस जाते. यंत्राचं बटण दाबलं की अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने तिला चार बारीक विजेचे धक्के बसतात आणि अंगठा चारदा तळव्याकडे ओढला जातो. चारही ओढी सारख्या जोराच्या. मग शिरेतून स्नायू सैल करणारं औषध जातं आणि बघता बघता चित्र पालटतं. चौथी ओढ पहिलीपेक्षा बारीक होते, तिसरीही उतरते, थोड्याच वेळात चौथी येतच नाही. मग तिसरी जाते, दुसरी जाते, शेवटी पहिलीही. हात कोमट असतो, नाडी भरलेली असते, नखं गुलाबी असतात, आणि तरी त्या हाताला आता काहीही करता येत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि हा बदल आजही त्या अंगठ्यावर बोट ठेवून अनुभवते. तिथून पुढे या माणसाचा श्वास माझ्या हवाली असतो. तो मी त्याला कधी परत दिला आणि पुरता दिला का, याचा हिशेब मला देता आला पाहिजे.

भूल म्हणजे झोपेचं इंजेक्शन, असा बहुतेकांचा समज असतो. मोठ्या ऑपरेशनच्या भुलीत खरं तर तीन वेगळी कामं चालू असतात: जाणीव घालवणं, वेदना थोपवणं आणि स्नायू सैल करणं. पहिल्या दोन कामांच्या सेवेला मॉनिटरचा अख्खा पडदा असतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड, भुलीच्या वायूचं प्रमाण, सगळे आकडे डोळ्यांसमोर हलत असतात. तिसऱ्या कामाचा प्रश्न आला की मात्र पुष्कळदा घड्याळाकडे बघितलं जातं. ‘शेवटचा डोस देऊन पाऊण तास झाला, उतरलं असेल.’ मला या ‘असेल’चा मनापासून राग येतो. पेशंटला त्या क्षणी बोलता येत नाही, हात वर करता येत नाही, मान हलवून नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने बोलू शकेल असा एक अंगठा आहे, आणि त्याला विचारायचं सोडून आपण अंदाजपंचे ठरवतो.

या औषधांचा पूर्वज म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणांच्या टोकाला लावायचं विष. ते मेंदूवर किंवा हृदयावर घाव घालत नाही. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे निरोप अडवतं, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रयोगांनी दाखवलं होतं. ऑपरेशन टेबलावर ते आलं २३ जानेवारी १९४२ रोजी. मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भूल दिलेल्या एका तरुणाला ते टोचलं. त्याआधी पोट मऊ पडावं म्हणून भूल खोल, आणखी खोल न्यावी लागे, आणि त्या खोलीत हृदयही मंदावे. आता हलकी भूल आणि सैल पोट, दोन्ही एकदम मिळायला लागलं. पोटाची आणि छातीची आजची मोठी ऑपरेशनं या सोयीवर उभी आहेत.

हे औषध जाणिवेला हातही लावत नाही, याचा पुरावा एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर दिला. स्कॉट स्मिथ यांनी पूर्ण शुद्धीत, झोपेचं कुठलंही औषध न घेता, सगळा देह लुळा पडेल एवढं क्युरारे टोचून घेतलं. सहकाऱ्यांनी त्यांना बाहेरून श्वास दिला. जोवर एखादा स्नायू हलत होता तोवर ते त्याने खुणा करत राहिले, नंतर तेही संपलं. औषध उतरल्यावर त्यांनी सांगितलं, मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, स्पर्श आणि टोचणं जाणवत होतं. घशात साचलेली लाळ गिळता येत नव्हती, त्याने गुदमरल्यासारखं होत होतं. १९४७ साली हे छापून आलं. माझ्या विषयातलं मी जे काही वाचलं आहे, त्यात या वर्णनाइतकं अंगावर आलेलं दुसरं काही नाही. निपचित पडलेला माणूस झोपलेलाच असतो असं नाही, हे त्यात इतकं स्पष्ट आहे की ते विसरायला निमित्त उरत नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलीत असताना नकळत जाग येण्यावर मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. पेशंटनी स्वतःहून सांगितलेल्या घटना मोजल्या, तर स्नायू सैल करणारं औषध दिलेल्यांमध्ये साधारण ८,००० भुलींमागे एक. ते न दिलेल्यांमध्ये साधारण १,३६,००० भुलींमागे एक. कारण उघड आहे. ज्याचे स्नायू सैल केलेले नाहीत तो भूल हलकी झाली की हलतो, आणि आपल्याला कळतं. ज्याचे केले आहेत तो कळवू शकत नाही.

दुसरं टोक ऑपरेशन संपतानाचं. १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या जवळपास ६ लाख भुलींचा अभ्यास मांडला. स्नायू सैल करणारी औषधं वापरलेल्या पेशंटमध्ये भुलीशी निगडित मृत्यूंचं प्रमाण सुमारे सहापट निघालं. त्यांनी ठपका औषधाच्या अंगभूत विषारीपणावर ठेवला. पुढे अनेकांनी हीच आकडेवारी वेगळ्या नजरेने वाचली: अपुरा श्वास, अर्धवट उतरलेलं औषध आणि ते ओळखायला साधन नाही. मला हे दुसरं वाचन जास्त पटतं.

ते ओळखणं इतकं अवघड का, हे समजायला त्या भेटीच्या जागेत डोकवावं लागतं. नसेच्या टोकाकडून असिटाइलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरना, म्हणजे ते झेलणाऱ्या जागांना, चिकटतं आणि स्नायू आखडतो. आपलं औषध त्याच रिसेप्टरवर जागा अडवून बसतं. निसर्गाने इथे भरपूर हातचं राखून ठेवलेलं आहे. साधारण ७० ते ७५ टक्के रिसेप्टर अडवले गेले तरी एकेकट्या धक्क्याला स्नायूची ओढ जवळजवळ पूर्वीइतकीच येते. म्हणजे अंगठा नीट हलतोय, पेशंट हात दाबतोय, आणि तरी त्याच्या निम्म्याहून जास्त जागा औषधाने भरलेल्या असू शकतात. वरून ठीक दिसणं आणि आतून ठीक असणं यांच्यात एवढं अंतर आहे.

लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी १९७० साली मांडलेली चार धक्क्यांची पद्धत, ट्रेन ऑफ फोर, म्हणूनच मला फार देखणी वाटते. औषध असताना लागोपाठ धक्के दिले की नसेच्या टोकाकडून येणारं रसायन धक्क्यागणिक कमी पडत जातं आणि ओढी उतरत जातात. चौथ्या ओढीला पहिल्या ओढीने भागायचं. सगळा शोध एवढाच. औषध देण्याआधी या माणसाची ताकद किती होती हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही, त्याची पहिली ओढच चौथीचा मापदंड होते. भागाकार १च्या आसपास आला तर स्नायू जागेवर, ०.५ आला तर चौथी ओढ पहिलीच्या निम्मी. औषध खूप जास्त असेल तर भागाकाराला वावच नसतो, तेव्हा किती ओढी दिसतात ते मोजायचं: तीन, दोन, एक, शून्य.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. साधा नर्व्ह स्टिम्युलेटर धक्के देतो, मोजणी करत नाही. ओढी कमी होतायत का, हे भूलतज्ज्ञ डोळ्यांनी किंवा बोटाने ठरवतो. भागाकार ०.४च्या वर गेला की माणसाच्या डोळ्याला आणि बोटाला चारही ओढी सारख्याच वाटतात. कितीही मुरलेला हात असो, यात अनुभव कामी येत नाही. सुरक्षित समजला जाणारा आकडा आज किमान ०.९ आहे. म्हणजे ०.४पासून ०.९पर्यंतचा सगळा पट्टा आपल्याला हाताने कळतच नाही, आणि पेशंटला धोका नेमका त्याच पट्ट्यात असतो. ‘चारही ओढी आल्या, छान आहेत’ असं म्हणून श्वासनलिकेतली ट्यूब काढली जाते तेव्हा पेशंट ०.९५वर असेल किंवा ०.५वर असेल, बोटाला दोन्ही सारखेच. (‘डबल बर्स्ट’ नावाची धक्क्यांची एक पद्धत हाताला थोडं जास्त कळू देते, पण तीही ०.९पर्यंत पोचवत नाही.)

मग जुन्या चाचण्या आहेत. पाच सेकंद डोकं उचलून धर, हात घट्ट दाब, डोळे उघड. जागृत स्वयंसेवकांना थोडं थोडं औषध देऊन केलेल्या अभ्यासांत दिसलं की भागाकार ०.६च्या आसपास असतानाही बरेच जण पाच सेकंद डोकं उचलून धरतात. त्याच लोकांना ०.७ किंवा ०.७५लाही दातांत धरलेली लाकडी पट्टी ओढून काढणाऱ्याला विरोध करता येत नव्हता, स्ट्रॉने पाणी ओढता येत नव्हतं, समोरचं सगळं दुहेरी दिसत होतं. मानेचे स्नायू सावरतात, घशाचे मागे राहतात. स्वीडनमध्ये लार्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात घशावर बारकाईने काम केलं आणि ०.९च्या खाली गिळण्याचा ताल बिघडतो, गिळलेलं श्वासनलिकेच्या दिशेने सरकू शकतं, हे दाखवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली: औषध थोडं शिल्लक असताना ऑक्सिजन कमी झाला, तरी श्वास वाढवण्याची शरीराची नेहमीची प्रतिक्रिया मंद पडते. मानेतल्या ज्या छोट्या ग्रंथी रक्तातला ऑक्सिजन हुंगतात, त्यांच्या कामातही हे औषध लुडबुड करतं. स्नायू कमजोर, घसा बेसावध आणि धोक्याची घंटाही अर्धी बंद. पूर्वी ०.७ला पुरेसं म्हणत, ते या कामानंतर मागे पडलं.

असा पेशंट रिकव्हरी रूममध्ये कसा दिसतो, तेही सांगायला हवं. तो निळा पडलेला नसतो. पापण्या अर्ध्या मिटलेल्या असतात, हाक मारली की भुवया चढतात पण पापण्या पुरत्या उघडत नाहीत. काही तरी सांगायचं असतं पण शब्द चिकटून, नाकातून येतात. हात उचलतो आणि मध्येच झटका बसल्यासारखा खाली टाकतो. श्वास उथळ, छाती आणि पोट एकमेकांशी न जुळणारे. चेहऱ्यावर भीती. आजूबाजूला म्हटलं जातं, दुखत असेल, घाबरला असेल. मग वेदनाशामक दिलं जातं, कधी शांत करणारं इंजेक्शनही, आणि आधीच अपुरा असलेला श्वास आणखी मंदावतो. या माणसाला नीट कळत असतं की आपल्याला श्वास पुरत नाही. सांगायला लागणारे स्नायूच साथ देत नसतात. ही कमजोरी बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरते आणि कागदावर काहीच उरत नाही. ‘माझ्या पेशंटला असं कधी झालं नाही’ या वाक्याचा उगम बहुधा इथेच आहे. ते होतं, आपण तेव्हा पुढच्या केसमध्ये असतो.

किती वेळा होतं? डेन्मार्कच्या विबी-मोगेन्सन यांनी १९७९ साली रिकव्हरीत आलेल्या पेशंटची मोजणी केली, तेव्हा ४२ टक्के ०.७च्या खाली निघाले. तेव्हाची औषधं दीर्घकाळ टिकणारी होती, त्यामुळे नवी, मध्यम अवधीची औषधं आल्यावर प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. २००३ साली फ्रान्समध्ये डबेन आणि सहकाऱ्यांनी ५२६ पेशंट तपासले. प्रत्येकाला मध्यम अवधीच्या औषधाचा फक्त एकच डोस, ट्यूब घालण्यापुरता. नंतर पुन्हा नाही, आणि उतारा म्हणूनही काही नाही. तरी ४५ टक्के ०.९च्या खाली होते. डोस देऊन दोन तास किंवा जास्त उलटून गेलेल्यांतही ३७ टक्के. घड्याळावर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा शेवटचा आकडा पाठ करावा असं मला वाटतं. तोच डोस एकाला अर्ध्या तासात सोडतो, दुसऱ्याला दोन तास धरून ठेवतो. वय, यकृत, मूत्रपिंड, अंगाचं तापमान, मॅग्नेशियम, काही अँटिबायोटिक्स, भुलीचा वायू, सगळे त्यात आपापला हात घालतात.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात टेबलावर होणारी एक नेहमीची खडाजंगीही इथूनच येते. सर्जन म्हणतो, पोट टाइट आहे. भूलतज्ज्ञ म्हणतो, अंगठा शून्यावर आहे. दोघंही खरं बोलत असतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, औषधाला चिवट असतं आणि लवकर सावरतं; अंगठ्याचा स्नायू जास्त हळवा आणि उशिरा सावरणारा. अंगठा पूर्ण गप्प असताना श्वासपटल उसळू शकतं. अशा वेळी पाच सेकंद सलग वेगवान धक्के देऊन, तीन सेकंद थांबून, मग येणाऱ्या एकेरी ओढी मोजतात. पोस्ट टेटॅनिक काउंट म्हणतात त्याला. शून्याच्याही खाली किती खोल आहोत, ते त्यातून कळतं. उलट ऑपरेशन संपताना अंगठ्याचा हा उशीरच उपयोगी पडतो. सगळ्यात शेवटी सावरणाऱ्यांपैकी एक जण ‘मी आलो’ म्हणाला, तर बाकीचे आलेले असण्याची खात्री वाढते. भुवईजवळ इलेक्ट्रोड लावणं सोयीचं असतं, चेहरा आपल्याच बाजूला असतो; पण तो स्नायू श्वासपटलासारखा लवकर सावरतो आणि खोटा दिलासा देतो. हात अंगाशी गुंडाळलेले असतील म्हणून ऑपरेशनभर भुवई बघावी लागली, तरी ट्यूब काढण्याआधी हात मोकळा करून अंगठ्यालाच विचारायचं.

मोजणारी यंत्रं आता आहेत. काही अंगठ्याला छोटा सेन्सर बांधून हालचालीचा वेग किती झपाट्याने वाढतो ते मोजतात. वस्तुमान तेच असेल तर बल त्वरणाच्या प्रमाणात असतं, न्यूटनचा साधा नियम. अट एकच, अंगठा मोकळा हवा. औषधाआधीच त्यांचा आकडा १च्या वर, कधी १.१च्या पुढेही दाखवतो. म्हणून सुरुवातीचा आकडा घेऊन ठेवलेला बरा, नाहीतर शेवटचं ०.९ फसवं निघतं. नवी यंत्रं स्नायूतला विद्युत् प्रतिसादच मोजतात, त्यांना अंगठा हलण्याची गरज नाही, चादरीखाली दाबलेला हातही चालतो. हात गार पडला तर आकडे भरकटतात, म्हणून तो गरम ठेवायचा. एवढं सगळं भूल दिल्यानंतर पण स्नायूंचं औषध देण्याआधी दोन मिनिटांत बसतं. जागेपणी हे धक्के दुखतात, हे मात्र लक्षात ठेवावं.

सुगामाडेक्स हा नवा उतारा आल्यावर अनेकांना वाटलं की मोजण्याची कटकट संपली. २००८ साली युरोपात आणि २०१५च्या अखेरीस अमेरिकेत परवानगी मिळालेलं हे औषध रोक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा रेणू आपल्या पोकळीत पकडून बाजूला काढतं. निओस्टिग्मिन या जुन्या उताऱ्यासारखं ते नसेच्या टोकाशी रसायन वाढवायला जात नाही, त्यामुळे खोल शिथिलतेतूनही बाहेर काढू शकतं. मला ते अतिशय आवडतं. पण किती द्यायचं हे ठरतं अंगठ्यावरच: दोन ओढी परत आल्या असतील तर किलोमागे २ मिलिग्रॅम, त्याहून खोल असेल तर ४. मोजल्याशिवाय दिलं तर तेही कमी पडू शकतं. आणि स्नायू सैल करायला अट्राक्युरियम वापरलं असेल तर सुगामाडेक्सचा काहीच उपयोग नाही. तिथे निओस्टिग्मिनच, आणि त्याला वेळ लागतो, शिवाय त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. चारही ओढी परत येईपर्यंत थांबून ते दिलं तरच बरं.

यंत्रांपेक्षा जास्त अडसर आमच्या खात्रीचा आहे. २०१९ साली छापलेल्या एका पाहणीत ८० देशांतल्या १,६००हून अधिक भूलतज्ज्ञांना याच विषयावर नऊ प्रश्न विचारले, आणि प्रत्येक उत्तराबद्दल किती खात्री आहे तेही विचारलं. बरोबर उत्तरं सरासरी ५७ टक्के, खात्री सरासरी ८४ टक्के. म्हणून २०२३ साली अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूलतज्ज्ञ संघटनांनी आपापल्या मार्गदर्शक सूचनांत आकडा मोजणारंच यंत्र वापरा, ०.९ आधी गाठा, मगच ट्यूब काढा, असं स्पष्ट लिहिलं, त्याचा मला आनंद झाला. शिफारस कागदावरून टेबलापर्यंत यायला वेळ लागतो. शिकणाऱ्यांना मी एकच सवय लावते: ट्यूब काढण्याआधी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि नोंदीत लिहायचा. ०.८२ असेल तर ०.८२ म्हणायचं. सर्जनने टाके घातलेले असतात, पुढचा पेशंट दाराशी असतो, सगळे आपल्याकडे बघत असतात. तरी थांबायचं. आणि थांबताना भुलीचा वायू बंद करायचा नाही. आकडा येईपर्यंत पेशंटला झोपेतच ठेवायचं, नाहीतर आपण त्याला स्कॉट स्मिथच्या जागी नेऊन ठेवू.

ज्यांना ऑपरेशनसाठी भूल घ्यायची आहे, त्यांनी दोन-तीन गोष्टी आधी जरूर सांगाव्यात. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, पापण्या संध्याकाळी जड पडत असतील, तर ते. घरात कुणाला भुलीनंतर बराच वेळ स्वतःहून श्वास घेता आला नव्हता, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं, असं घडलं असेल तर तेही. सक्सामिथोनियम हे स्नायू सैल करणारं औषध काही मिनिटंच टिकतं, पण ते मोडणारं एन्झाइम काही कुटुंबांत जन्मतःच दुबळं असतं आणि मिनिटांचे तास होतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण सुगामाडेक्स दिल्यावर काही दिवस त्यांच्यावर विसंबता येत नाही. आणि भूलतज्ज्ञाला सरळ विचारा: माझे स्नायू सैल करणार आहात का, आणि ते परत आले हे तुम्ही मोजणार आहात का? मला पेशंटने असं विचारलं की मी यंत्र काढून त्याला दाखवते, इलेक्ट्रोड कुठे लागतील तेही सांगते.